ऐतखाऊ

साहेबाला कान कोरायची सवय होती. असते एकेकाला. पण हा माणूस करंट मोजायच्या मीटरच्या प्रोबने, म्हणजे वायरीच्या अणकुचीदार टोकाने, कान कोरायचा. लाल प्रोबने. टोक आत घालायचा, डोळे मिटायचा, तोंड जरासं वाकडं करायचा, आणि जे काही बाहेर येईल ते टेबलावरच्या रबरी चटईला पुसायचा. मग तोच प्रोब ताईने उचलायचा आणि सर्किटला टेकवायचा. ताईने ड्रॉवरमध्ये स्पिरिटची बाटली आणि कापूस ठेवला होता. साहेबाला वाटायचं, ही बाई कामात फार स्वच्छ आहे.

ताईला सगळेच ताई म्हणत. फक्त साहेब 'मॅडम' म्हणायचा, तेही काहीतरी गळ्यात मारायचं असलं की.

कंपनी एकच वस्तू बनवायची. अंथरुणाला खिळलेल्या माणसावर नजर ठेवायचा संच. खाटेच्या पायथ्याशी छोटा कॅमेरा, दुसऱ्या खोलीत छोटा पडदा, मधे लांबलचक वायर. कॅमेऱ्यातून निघतं ते चित्र फार अशक्त असतं, त्याला वायरीतून पलीकडे ढकलायला ॲम्प्लिफायर लागतो. हा ॲम्प्लिफायर ताईचा. दोन बारक्या सेलवर चालायचा, आणि त्यातच सगळी मारामारी होती.

कारण ॲम्प्लिफायर काही काम करत नसला तरी थोडा करंट खातो. दुकानात गिऱ्हाईक नसलं तरी दुकानदार दिवा लावून गल्ल्यावर बसलेला असतो, तसा. पुस्तकात या करंटला काहीतरी सोज्वळ नाव आहे. लॅबमध्ये सगळे त्याला ऐतखाऊ म्हणायचे. "ऐतखाऊ किती?" असं साहेब रोज सकाळी विचारायचा, घरात कुणाचा ताप विचारावा तसं. ताईला तो शब्द आवडायचा. घरीही तिने सांगितला होता. भाऊ पोट धरून हसला होता.

आता एक मोठं गिऱ्हाईक आलं होतं. म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारी एक संस्था, तिच्या गावोगाव शाखा, आणि ती चालवणाऱ्या बाई. बाईंची अट साधी: संध्याकाळी चालू केलेला संच सकाळी चहा होईपर्यंत बॅटरीवर चालला पाहिजे. ताईचा संच पहाटेआधीच मान टाकायचा.

"मॅडम, ऐतखाऊला उपाशी मारा," साहेब म्हणाला.

शेजारी विक्रीचा माणूस उभा होता, तो हसला. त्याला सगळे गुळचट म्हणत. त्याच्याशी दोन मिनिटं बोललं की हात धुवावेसे वाटायचे.

ताईने करंट अडवणारा एक रेझिस्टर बदलला. ऐतखाऊ निम्म्याच्याही खाली आला. मग चाचणी. चाचणी म्हणजे रंगपट्ट्या. एका यंत्रातून पांढरी, पिवळी, निळी अशा उभ्या पट्ट्यांचं चित्र सोडायचं, पलीकडे पडद्यावर पट्ट्या सरळ आल्या, रंग बरोबर आले, की सर्किट पास. आजवरची हीच रीत. या धंद्यात आलेल्या प्रत्येकाने रंगपट्ट्याच पाहिल्या, पुढच्यालाही त्याच दाखवल्या. खाटेवर कुणी रंगपट्ट्या पांघरून झोपत नाही, हे कळायला डोकं लागत नाही. आणि तरी लॅबमधल्या एकाही डोक्याला ते कळलं नाही. ताईच्याही नाही.

पट्ट्या झकास आल्या. साहेबाने पाठ थोपटली. प्रोबवाल्या हाताने थोपटली, म्हणून तिने घरी गेल्यावर कुडता भिजत टाकला. पण खूश होती. पहिला संच तिने वडिलांसाठी भावाकडे नेऊन बसवला.

वडील भावाकडे असत. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. मेंदूत गाठ अडकली, उजवी बाजू गेली, आणि बोलण्यातलं सगळं गेलं, फक्त एक शब्द राहिला. बससमोर आडव्या घुसणाऱ्यांसाठी त्यांनी तो जन्मभर वापरला होता. "हलकट." पाणी दिलं की हलकट. कूस बदलली की हलकट. डॉक्टरांनी छातीला नळी लावून विचारलं, "कसं वाटतंय, बाबा?" बाबा म्हणाले, "हलकट." डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे.

भावजय आधी लाजायची, मग तिला सवय झाली. पण दोघं कंटाळले होते. ते लपवतही नव्हते, एवढा एक प्रामाणिकपणा त्यांच्यात होता. भावाने त्या संस्थेत बाबांचं नाव दिलं होतं. ताईने आधी कडाडून विरोध केला. मग भाऊ म्हणाला, "अगं, तिथे प्रत्येक खाटेवर तुझाच कॅमेरा लागणार आहे. तुझ्याच नजरेखाली राहणार की ते. मग कसली भीती?"

त्या एका वाक्याने ताई विरघळली होती. आपलाच कॅमेरा, आपलंच सर्किट. दुसरी खोली, दुसरं गाव, पण नजर आपली. तिने हो म्हटलं. तिचं कौतुक तिलाच नडलं, दुसरं काय.

ऑफिसला जाण्याआधी ताई एक दिवसाआड बाबांची दाढी करायला जायची. अशीच एका सकाळी गेली. बाहेरच्या खोलीत भाऊ चहा पीत होता, समोर पडदा. पडद्यावर संच चालू असल्याचा हिरवा दिवा, आणि काळ्यात कुठेतरी खाटेची करडी कड. बाबांच्या खोलीची खिडकी अजून बंद होती.

"अजून झोपलेत," भाऊ म्हणाला. "बघ ना, रात्रभर हलले पण नाहीत. तुझ्या यंत्राची कमाल आहे. एकदाही उठावं लागलं नाही."

ताईने पाणी आणि ब्रश घेतला आणि आत जाऊन खिडकी उघडली.

बाबा खाटेवर नव्हते. खाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत होते, कुशीवर, एक हात अंगाखाली. फरशीवर मूत पसरून सुकत आलं होतं, कडेने पिवळी रेघ उमटली होती. गाल फरशीला चिकटला होता, तो सोडवताना आवाज आला. तोंडातून निघालेली लाळ कानापर्यंत जाऊन वाळली होती, आणि त्यावर मुंग्या. डोळे उघडे होते. किती वेळ उघडे होते कुणास ठाऊक.

"हलकट," बाबा म्हणाले. फार हळू.

दोघांनी मिळून उचललं. भावाने नाकाला रुमाल बांधला, मगच हात लावला. स्वतःच्या बापाला उचलायला. ताईला ओकारी आली, ती गिळली. वासाने आली की रुमालाने, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

तिने संच सोडवला, पिशवीत घातला आणि लॅबमध्ये आली.

लॅबच्या मागे भंगार ठेवायची बिनखिडकीची खोली होती. तिथे तिने संच मांडला, बारका दिवा लावला, रात्री आजाऱ्याच्या खोलीत असतो तेवढाच. कॅमेऱ्यासमोर टेबलावर लॅबच्या कोटाची घडी, घडीखाली फुगा, फुग्याला नळी, नळीचं दुसरं टोक स्वतःच्या तोंडात. तिने फुंकलं की कोट वर यायचा, थांबली की खाली. छातीसारखा. डोळ्यांना स्पष्ट दिसत होतं. मग तिने पडद्याकडे बघितलं. पडद्यावर काळं. ती फुंकत राहिली. गाल दुखले. पडद्यावर काळंच.

कारण उघड होतं, म्हणजे बघितल्यावर उघड होतं. रंगपट्ट्यांची उडी मोठी. तेवढ्या धक्क्याला झोपलेला ॲम्प्लिफायर दचकून उठतो आणि काम करतो. अंधारात चादर हलते ती काळ्यातून जराशा कमी काळ्यात. एवढ्याशासाठी तो उठत नाही. उठायच्या तयारीत बसून राहण्यासाठीच तर तो करंट खात असतो. त्यालाच तिने उपाशी मारलं होतं. शाबासकी घेऊन मारलं होतं.

ती साहेबाकडे गेली आणि रेझिस्टर पहिल्यासारखा करायला हवा म्हणाली.

"चाचणी पास झालीय, मॅडम."

"चाचणी रंगपट्ट्यांची आहे. अंधारात माणूस दिसत नाही. माझे वडील फरशीवर पडले होते, पडद्यावर काही कळलं नाही."

साहेबाने लाल प्रोब उचलला. "लागलं का त्यांना?"

"सुजलंय."

"मोडलं नाही ना काही? मग झालं तर." प्रोब कानात गेला. डोळे मिटले. "वडिलांची काळजी घ्या. सुट्टी हवी तर घ्या. सर्किटला हात लावू नका."

ताईने हात लावला. चित्र पडद्यावर ओळीओळीने उमटतं, आणि प्रत्येक ओळ संपली की पुढची सुरू होईपर्यंत एक बारीक फट असते, तिच्यात चित्र नसतं. तेवढ्या फटीपुरतं ॲम्प्लिफायरला झोपवायचं आणि ओळ यायच्या आधी हलवून उठवायचं, चित्र चालू असताना मात्र त्याला पोटभर द्यायचं. बचत झाली, पण खरी बचत होती म्हणून थोडीच झाली. संच उजाडेपर्यंत चालायचा, चहापर्यंत नाही. बॅटरी जरा मोठी घेतली की सुटण्यासारखं होतं.

"मोठी बॅटरी म्हणजे मोठा डबा," साहेब म्हणाला. "डबा म्हणजे साचा. साचे तयार होऊन पडलेत. डोक्यावर मिरे वाटू नका."

"मग दोन्ही संच बाईंपुढे ठेवा. त्यांनाच ठरवू दे."

साहेबाने तिच्याकडे बघितलं आणि गुळचटकडे बघितलं. गुळचट म्हणाला, "ठेवू ना. गिऱ्हाईक शहाणं असतं, ताई." आणि असा काही हसला, की ताईने तेव्हाच ओळखायला हवं होतं.

ती मात्र घरी जाताना हलकी होऊन गेली. बाई बघतील. बाईंच्या हाताखाली शेकडो म्हातारे आहेत, त्यांना कळणार नाही तर कुणाला कळणार. मोठ्या बॅटरीची अट बाईच घालतील, साहेब शेपूट घालून साचा बदलेल, आणि बाबा तिथे गेले तरी कुणीतरी त्यांना बघत असेल.

बाई आल्या. चांगल्या होत्या दिसायला, बोलायला, अत्तरही महागातलं. मीटिंगच्या खोलीत एक खाट मांडलेली असायची, आणि प्रत्येक गिऱ्हाइकापुढे गुळचटच पेशंट व्हायचा. बूट काढून आडवा झाला. मोज्यांचा वास खोलीभर पसरला. त्याने चादर ओढली आणि बाईंना हात हलवून दाखवला. शेजारच्या खोलीत दोन पडदे लागले होते. दोन्हींवर गुळचट हसत होता.

"आता आपण रात्र करू," ताई म्हणाली. तिने खाटेच्या खोलीतले खिडकीचे पडदे ओढले, दिवा बारीक केला आणि बाहेर येऊन मधलं दार लोटलं.

डावीकडचा पडदा काळा झाला. उजवीकडच्यावर, ताईच्या, अंधार होता, पण अंधारात माणूस होता. छाती वरखाली होत होती.

गुळचटला वाटलं, आता काही दिसत नाही. दार लोटलेलं होतं, दिवा बारीक होता. त्याने आधी मांडी खाजवली. चांगली, सवडीने. मग बोट नाकात घातलं. साहेब, बाई आणि ताई बघत होते. बोट फिरलं, आलं, त्याने ते डोळ्यांजवळ नेऊन निरखलं, दोन बोटांत वळलं, आणि चादरीच्या आतल्या बाजूला पुसलं.

डावीकडे काळं होतं. हिरवा दिवा होता.

बाई तोंडावर पदर धरून हसल्या. साहेबही हसला. ताईलाही हसू येणार होतं. तिला वाटलं, झालं, जिंकलो. याहून स्वच्छ कुणी काय दाखवणार.

"हा दुसरा नको बाई," बाई म्हणाल्या. त्यांचं बोट उजव्या पडद्याकडे होतं.

"मॅडम, तो जरा नवीन..." साहेब.

"नाही, चांगला असेल. पण आमच्याकडे बाहेर एकच बाई बसते. असं सगळं दिसायला लागलं तर ती बसेल कधी? हा खाजवतोय, तो उठून बसलाय, तिसऱ्याने कपडे काढलेत. आणि नातेवाईक येतात. त्यांना पडदा दाखवावा लागतो. त्यांनी काय हे बघायचं?" त्यांनी डावीकडच्या काळ्या पडद्यावरून बोट फिरवलं, धूळ पुसावी तसं. "हा बघा, कसा शांत आहे. माणूस झोपलाय असं वाटतं."

"झोपलेला माणूस दिसत नाहीये तो," ताई म्हणाली. "नुसतं काळं आहे. खाट रिकामी असली तरी असंच दिसेल."

"रात्री काळंच असतं ना, पण."

"माणूस खाली पडला तर?"

बाईंनी तिच्याकडे मायेने पाहिलं. खरोखर मायेने, त्याचीच किळस आली. "सकाळी कळतंच की," त्या म्हणाल्या. मग काहीतरी आठवून हसल्या. "तुमच्या भावाने नाव दिलंय ना आमच्याकडे? सांगितलंय मी. खिडकीजवळची खाट ठेवलीय त्यांच्यासाठी."

आतून गुळचटचा आवाज आला. "उठू का, साहेब? दिसलो ना नीट?"

बाई गेल्यावर साहेबाने मिठाई मागवली. गुळचटने त्याच हाताने पेटी उघडली आणि सगळ्यांपुढे फिरवली. सगळ्यांनी घेतली. साहेबानेही घेतली, त्या बोटांचा पराक्रम पडद्यावर बघून झाल्यावर घेतली. ताई बघत राहिली. नाकात गेलेलं बोट नव्हे, हे घेणारे हात.

"घ्या, मॅडम. तुमच्याच रेझिस्टरचं यश आहे."

"तो रेझिस्टर मी काढतेय."

"काढा," साहेब म्हणाला. "दुसरा कुणीही लावेल. एक रेझिस्टर तर आहे."

खरं होतं ते. तिने आपला सोल्डरिंग आयर्न घेतला, आपल्या पैशाने आणलेली स्पिरिटची बाटली घेतली. लाल प्रोब चटईवर पडला होता. तो पुसायला कापूस हातात घेतला होता, पुसला नाही.

भावाकडे पोचली तेव्हा दुपार होती. बैठकीत एक बॅग भरून ठेवली होती. बाबांचे दोन सदरे, टॉवेल, दाढीचं सामान.

"उद्या नेणार आहोत," भाऊ म्हणाला. "संस्थेच्या बाईंचा फोन आला होता. कॅमेरे पसंत पडले म्हणे. अभिनंदन."

"बाबा तिथे जाणार नाहीत. माझ्याकडे येतील."

"तुझ्याकडे? त्या एका खोलीत?"

"हो."

"आणि नोकरी?"

"सोडली. घरी दुरुस्तीची कामं आणीन."

भावजय आतून आली. "वन्सं, रागात बोलू नका. तिथे कॅमेरा आहे, माणसं आहेत. तुम्हीच तर बनवलाय."

"त्यात काही दिसत नाही."

भाऊ खिडकीबाहेर बघत राहिला. भावजयने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

ताईच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. "तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "त्या सकाळी. पडदा काळा आहे हे तुला दिसत होतं."

"काळा होता म्हणून तर झोप लागली," भाऊ म्हणाला. आता तोही चिडला. "दोन वर्षांनी पहिल्यांदा. आधी सारखं दाराशी जाऊन बघायचो. तोंड उघडं, लाळ, ते डोळे. घास उतरत नाही माझा. तू दाढी करतेस आणि जातेस. इथे दिवसभर कोण असतं? आणि कशासाठी? त्यांना काही कळत नाही, काही होत नाही त्यांच्याने. नुसतं पडून राहायचं आणि खायचं. तूच शिकवलास ना शब्द? ऐतखाऊ."

भावजय म्हणाली, "अहो."

ताईने त्याच्याकडे बघितलं. तिच्याच नाकाचा, तिच्याच कानांचा माणूस. शब्दही तिचाच. शिसारी आली, आणि तिच्यातली निम्मी आपल्या स्वतःच्या वाट्याची, हेही कळलं.

तिने बॅग उचलली. मग खाली जाऊन गाडी बोलावली. गाडीवाला चांगला होता, त्याने बाबांना पाठीशी धरून उतरवलं. जिन्यात बाबा त्याला म्हणाले, "हलकट." गाडीवाला म्हणाला, "आहेच मी, काका. सांभाळून, पाय."

ताईची खोली लहान होती. खाट भिंतीला लावली, टेबल खाटेला लावलं, चालायला वाट राहिली नाही. शेजारणीने दारातून डोकावून नाक मुरडलं आणि नंतर जुन्या चादरी आणून दिल्या. संध्याकाळपर्यंत ताईने दोनदा अंथरूण बदललं. ते करताना तिला माया-बिया काही दाटून आली नाही. वास वासच होता. दुसऱ्या वेळी तर तिने बाल्कनीत जाऊन खरंच ओकून टाकलं, चूळ भरली, परत आली आणि राहिलेलं पुसलं.

मग ती त्याच टेबलावर जेवायला बसली. समोर बाबा. तोंड उघडं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ, छाती वरखाली. घास उतरत नव्हता. भाऊ खोटं बोलला नव्हता. तिने तो पाण्याबरोबर उतरवला आणि दुसरा घेतला, नजर न वळवता.

बाबा तिच्याकडे बघत होते.

"हलकट," ते म्हणाले.

"कोण?" तिने विचारलं.

बाबांनी जरा विचार केल्यासारखं केलं.

"हलकट," ते म्हणाले, आणि तोंड उघडलं. त्यांना घास हवा होता. तिने भरवला.